पाठकोरे

आमच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्या झाकणावर बाबांनी खडूने ‘पाठकोरे’ असं लिहून ठेवलंय. एका बाजूने वापरलेला आणि दुसऱ्या बाजूने कोरा राहिलेला कागद म्हणजे पाठकोरा, हे आमच्या पिढीपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. परवा आमच्या चिरंजीवांनी ती पेटी पहिल्यांदा नीट पाहिली आणि विचारलं, ‘‘आजोबा, हे पाठकोरे कोण? आपले भाडेकरू होते का?’’

बाबा दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत.

पेटीत काय नाही! एकाच बाजूने छापलेल्या लग्नपत्रिका, जुन्या चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, तारखा सरलेली कॅलेंडरची पानं, विजेची बिलं, कुठल्याशा शिबिरांची निमंत्रणं. बाबा तीसेक वर्षं मास्तर होते, आता ब्याऐंशीचे आहेत. दुधाचा हिशेब, किराण्याची यादी, रक्तदाबाच्या नोंदी, नातेवाइकांना लिहायच्या पत्रांचे खर्डे, सगळं पाठकोऱ्यावर. दोन्ही बाजूंनी कोरा कागद पुढे ठेवला की त्यांचा हात थिजतो. आल्या दिवशीच नव्या नवरीला धुणं धुवायला बसवल्यासारखं वाटतं, म्हणतात.

वर्ध्यात वाढलेल्या माणसाचं असंच व्हायचं. आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. तिथे राहणारे गांधीजी टपालाने आलेली पाकिटं उसवायचे, उलटी करायचे आणि आतल्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. टपाल तरी कसं? गावाचं मूळ नाव सेगाव, आणि त्याच रेल्वेमार्गावर बुलढाण्याकडे शेगाव. त्यामुळे बापूंची बरीच पत्रं आधी गजानन महाराजांच्या गावाला जायची आणि मग इकडे वळायची. शेवटी 1940 साली गावाचं नावच सेवाग्राम केलं. इतकी यात्रा करून आलेलं पाकीट टाकून द्यायला कुणाचा जीव होईल? आणि हे फक्त हिशेबाच्या चिठ्ठ्यांपुरतं नव्हतं. 2 जून 1947, सोमवार, म्हणजे बापूंचा मौनाचा दिवस. माउंटबॅटन फाळणीची योजना सांगताहेत आणि समोर गांधीजी जुन्या पाकिटांच्या पाठीवर उत्तरं लिहून देताहेत. व्हाइसरॉयच्या वाड्यात कोऱ्या कागदांचा तुटवडा असेल असं वाटत नाही. माउंटबॅटननी ती पाकिटं जपून ठेवली. बाबांच्या मते त्या माणसाचा हा एवढाच गुण घेण्याजोगा.

तर अशा घरात प्रिंटर आला.

आणला मीच. 2020 साली शाळा मोबाइलमध्ये शिरली, झेरॉक्सची दुकानं बंद झाली आणि चौथीच्या मुलाच्या गृहपाठाची पानं छापायची कुठे हा प्रश्न पडला. दुकानदार म्हणाला, ‘‘सर, मशीन एकदम स्वस्त आहे.’’ ते खरंच होतं. मशीन अडीच-तीन हजारांत घरी आलं, सोबत शाईच्या दोन डब्या, एक काळी आणि एक रंगीत. महिना-दीड महिन्यात काळी संपली. मशीनसोबत येणाऱ्या डब्या पुष्कळदा पूर्ण भरलेल्या नसतात, हे ज्ञान मला नंतर झालं. नवी डबी साडेसातशे रुपयांना पडली.

बाबांनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. 5 मिली. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चहाचा चमचा घेऊन आले.

‘‘एवढी?’’

‘‘हो, साधारण एवढीच.’’

चमचा टेबलावर ठेवून त्यांनी एका पाठकोऱ्यावर गुणाकार मांडला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. लिटरला दीड लाख. त्यांच्या लहानपणी पैशा-दोन पैशांना शाईची पुडी मिळायची. ती दौतीत कालवायची, टाक बुडवायचा आणि महिनाभर लिहायचं. त्यातही शेवटी पाणी घालून घालून अक्षर इतकं फिकं व्हायचं की मास्तरांना चूक दिसायची नाही. म्हणजे एकाच पुडीत बचत आणि गुण दोन्ही.

‘‘म्हैस फुकटात दिली,’’ बाबा म्हणाले, ‘‘पण ढेप त्याच्याच दुकानातून घ्यायची. असंच ना?’’

छपाईच्या या अख्ख्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात शाईसंरक्षण मोहीम सुरू झाली. प्रिंटरच्या वर भिंतीवर नियमावली लागली, अर्थातच पाठकोऱ्यावर. छापण्याआधी पडद्यावर पान पाहावे. गरज नसताना रंग वापरू नये. शक्यतो ‘ड्राफ्ट’मध्ये छापावे. (बाबांना हा शब्द फार आवडला. खर्डा! यंत्रालाही खर्डा समजतो!) संकेतस्थळावरची पाककृती आहे तशी छापू नये. हा शेवटचा नियम माझ्या बायकोसाठी होता. तिने एकदा सांडग्यांची कृती छापायला दिली आणि नऊ पानं आली. सांडगे दुसऱ्या पानावर होते. उरलेल्या पानांवर गुडघेदुखीचं तेल, एक स्कूटर आणि कुणा बाईचं हसणं, तेही पूर्ण रंगात. नवव्या पानावर फक्त एक ओळ होती: ‘ही कृती कशी वाटली?’ बाबांनी ते नववं पान मात्र आनंदाने पेटीत टाकलं. एक ओळ सोडली तर दोन्ही बाजूंनी कोरं!

आणि नियमावलीतला सर्वांत ठळक, लाल पेन्सिलने खाली रेघ मारलेला नियम: काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करावे. हा नियम बाबा स्वतः पाळत. पान बाहेर आलं रे आलं की खट्ट. विजेचा एक थेंब वाया जाऊ नये.

एवढं सगळं करूनही शाई आणखी लवकर संपू लागली. पूर्वी डबी महिनाभर जायची, आता तीन आठवडे. आम्ही कमी छापत होतो आणि जास्त भरत होतो. घरात संशयाचं वातावरण. मुलगा रात्री चोरून कार्टून छापतो काय, इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी मशीन पिशवीत घालून मी गोल बाजाराकडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. पोरगं पंचविशीचं, पण डॉक्टरसारखं गंभीर. त्याने मागचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि विचारलं, ‘‘सर, तुमी याले बंद कसे करता?’’

‘‘भिंतीवरच्या बटणाने.’’

‘‘तेच त! याच्या सोताच्या बटनानं बंद केला का हा तोंड झाकून झोपते. तुमी भिंतीतून लाइट बंद केली का हा आहे तसाच, तोंड उघडं टाकून झोपते. मंग सकाळी उठला का घसा कोरडा. मंग चूळ भरते. आन् चूळ भराले याच्यापाशी पाणी कुठं हाय? तुमचीच शाई.’’

मग त्याने नीट समजावलं. शाई ज्या छिद्रांतून उडते ती केसाहूनही बारीक असतात. बंद होताना ते छपाईचं डोकं एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसतं, म्हणजे छिद्रं सुकत नाहीत. मध्येच वीज गेली की ते जिथल्या तिथे उघडं राहतं. पुन्हा सुरू झालं की यंत्र आधी शाई ओढून छिद्रं साफ करतं. ती शाई कागदावर येतच नाही. मशीनच्या बुडाशी जाड स्पंजासारखी गादी असते, तिच्यात मुरते. गादी भरत आली असा हिशेब यंत्र स्वतःच ठेवतं, आणि हिशेब पूर्ण झाला की ‘दुरुस्तीवाल्याला बोलवा’ म्हणून संपावर जातं.

‘‘हे पाहा,’’ म्हणत त्याने चिमट्याने ती गादी उचलून दाखवली. काळीनिळी, ओथंबलेली. ‘‘सर, तुमची शाई कागदावर कमी आन् याच्या पोटात जास्त गेली.’’

गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात दारूबंदी आहे. ती कशी चालते यावर इथे बोलत नाही, वर्धेकर हसतील. पण आमच्या घरात राजरोस, रोज सकाळी उठल्या उठल्या पिणारा एकजण आहे, आणि त्याला आम्हीच आमच्या काटकसरीने ती सवय लावली, हे घरी सांगायचं कसं? बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले आणि नियमावलीतल्या त्या लाल रेघेच्या ओळीवर काट मारली. काट मारताना पेन्सिलचं टोक तुटलं. तेही उचलून ठेवलं.

पेन्सिलवरून आठवलं. काका कालेलकरांनी एक आठवण सांगितली आहे. 1915 साली मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि गांधीजी बोटभर पेन्सिलचा तुकडा शोधत सगळं सामान उलथंपालथं करत होते. कालेलकर आपली पेन्सिल देत होते, ती नको. तोच तुकडा हवा, कारण मद्रासच्या नटेसनांच्या लहान मुलाने तो प्रेमाने दिला होता. बाबा ही गोष्ट मुलाला दर पेन्सिलमागे सांगतात. मुलाला वर्षाला साधारण चाळीस पेन्सिली लागतात.

पण विदर्भात प्रिंटरचा खरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला टेकला की माणसांच्या डोक्यातलं सुकतं, तिथे त्या छिद्रांतल्या थेंबाचं काय घेऊन बसलात! आठ दिवस काही छापलं नाही की अक्षरांत आडव्या पांढऱ्या रेघा येतात. तहसीलदाराला लिहिलेला अर्ज खिडकीच्या गजांमागून लिहिल्यासारखा दिसतो. म्हणून बायकोने प्रिंटर कूलरसमोर ठेवला. प्रिंटर सुखावला, पण कागदाने दमट हवा पिऊन पापडासारखी कड वळवली. एका पानाऐवजी तीन पानं हातात हात घालून आत जायला लागली आणि आतच फुगडी घालायला लागली. उन्हात ठेवावा तर घसा सुकतो, गारव्यात ठेवावा तर पोट बिघडतं. अशी प्रकृती आमच्या आत्याबाईंची होती, पण त्यांना निदान ढेप त्यांच्याच कंपनीची लागत नव्हती.

आता बापूकुटीचं सांगतो.

गांधीजयंतीच्या आधी मुलाच्या शाळेने प्रकल्प दिला: ‘सेवाग्राम – साधी राहणी’. वहीत रंगीत छायाचित्रांच्या प्रिंट चिकटवून आणणे, किमान पाच. याच शाळेने जूनमध्ये ‘झाडे वाचवा’चा तक्ता छापून मागवला होता, पानभर गर्द हिरवा. डबीतून किती पानं निघतील हे कंपन्या सांगतात ते साधारण पाच टक्के पान शाईने झाकलं जाईल असं धरून. झाडे वाचवताना शंभर टक्के झाकलं गेलं आणि निळा-पिवळा जवळजवळ शहीद झाले. तरी आम्ही हिंमत धरून बसलो. रात्रीचे साडेनऊ, प्रकल्प सकाळी द्यायचा. पहिलं पान आलं. बापूकुटी जांभळी! पिवळा बंद पडला होता. कुडाच्या भिंती जांभळ्या, कौलं निळसर, अंगणातली वाळलेली माती वांग्याच्या रंगाची.

डोकं साफ करायची आज्ञा दिली. घर्रघर्र. दुसरी कुटी, जास्त जांभळी. पुन्हा साफसफाई. तिसरी कुटी फिकट जांभळी. चौथ्या वेळी यंत्राने जाहीर केलं की रंगीत डबी संपली. म्हटलं ठीक, निदान काळ्या अक्षरांत मजकूर तरी छापू. तर नाही! रंगीत डबी बदलेपर्यंत काळंही छापणार नाही. काळी डबी भरलेली, मजकूर काळा, पण पिवळं संपलंय म्हणून साहेबांनी कामबंद केलेलं. ‘हिंद स्वराज’ गांधीजींनी 1909 साली ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर दहा दिवसांत लिहिलं. उजवा हात थकला की डाव्याने लिहीत. 275 पानांतली चाळीसेक पानं डाव्या हाताची आहेत. उजवा थकला म्हणून डाव्याने काम नाकारलं नाही. बाबांनी हे त्या प्रिंटरला मोठ्याने ऐकवलं.

मग त्यांनी मला दुसरी गोष्ट ऐकवली. 1904 साली गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकाचा छापखाना डर्बनहून फिनिक्सच्या माळावर हलवला. पहिल्याच अंकाच्या रात्री तेलाचं इंजिन सुरू होईना. हाताने फिरवायचं चाक होतं, पण त्याला चार माणसं लागत. बाहेर झोपलेले सुतार उठवले, आश्रमातली माणसं पाळीपाळीने लागली, गांधीजीही लागले, आणि रात्रभर चाक फिरवून अंक काढला. सकाळी सातच्या सुमारास म्हटलं, आता एकदा इंजिन पाहा. हात लावला आणि ते सुरू झालं! रात्री काय झालं होतं, कुणालाच कळलं नाही. घरी प्रिंटर असलेल्या माणसाला मात्र हे मुळीच आश्चर्याचं वाटणार नाही. पुढे त्यांनी अंकाचा आकारही लहान केला, अडीअडचणीला पायाच्या यंत्रावर निघावा म्हणून. म्हणजे ‘पान छोटं करून छापा’ हा सल्लाही जुनाच.

आमच्याकडे चाक नव्हतं. पण पहाट झाल्यावर बाबांनी नातवाला स्कूटरवर माझ्यामागे बसवलं, हातात एक पाठकोरा आणि पेन्सिलचा तुकडा दिला आणि म्हणाले, ‘‘आठ किलोमीटरवर खरी आहे ना? मग छापता कशाला?’’

सकाळचं सेवाग्राम. पोरगं कुटीसमोर मांडी घालून बसलं. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा आहे. शाई नाही, रंग नाही, भिंतीची माती तीच चित्राची. झोपडीला शंभर रुपयांवर खर्च नको अशी गांधीजींची अट होती. माझ्या रंगीत डबीची किंमत मी त्या अंगणात मनातल्या मनातसुद्धा उच्चारली नाही. मुलाने तासाभरात कुटी काढली, जराशी कललेली, पण जांभळी नव्हती. येताना गोरसपाक घेतला. त्याचा तुपकट कागद बाबांनी पाठकोऱ्यांत घेतला नाही. त्यांच्याही काही मर्यादा आहेत.

शाळेचा शेरा आला: ‘चित्र सुरेख. प्रिंट जोडावी.’

त्यानंतर मी शाई वाचवण्याचा जरा अभ्यास केला. 2008 साली नेदरलँड्समधल्या एका कंपनीने अक्षरांना बारीक भोकं पाडलेला टंक काढला. वाचताना भोकं दिसत नाहीत, तेवढी शाई वाचते. आमच्याकडे अशा कल्पकतेला जाळीदार अनरसा म्हणतात. 2014 साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या सुवीर मीरचंदानी या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने हिशेब मांडला की सरकारने गॅरामाँड हा टंक वापरला तर केंद्र सरकारचेच वर्षाला 13 कोटी 60 लाख डॉलर वाचतील. जगभर कौतुक झालं. मग जाणकारांनी दाखवलं की गॅरामाँड त्याच मापात मुळातच लहान दिसतो. दुसरा टंक तेवढा लहान केला तरी शाई वाचेल. हे ऐकून बाबा म्हणाले, ‘‘म्हणजे पोळी लहान लाटली की पीठ वाचतं. यात शोध काय?’’

पण मराठीचं काय? आमच्या अक्षरांच्या डोक्यावर तर सलग शिरोरेघ! शब्द दोन अक्षरी असो की दहा अक्षरी, छप्पर हवंच. शेजारच्या गुजरात्यांनी ती रेघच काढून टाकली. त्यांच्या लिपीला पूर्वी वाणियाशाई, सराफी, महाजनी म्हणत. हिशेबाच्या वहीत भरभर लिहायची लिपी ती. तिथे ओळीमागे वेळही वाचला आणि शाईही. पुढे पुस्तकंही तशीच छापली. आमच्या मोडीने उलट आधी ओळभर रेघ ओढून घेतली आणि मग तिला अक्षरं टांगली, कपड्यांच्या दोरीसारखी. दोघांच्या खजिन्यांत जो फरक पडला त्याचं कारण इतिहासकार दुसरीकडे शोधत बसतात.

वर्ध्याने आपल्या परीने प्रयत्न केला होता. 1936 साली इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि काका कालेलकरांच्या लिपिसुधारणेतली ‘अ’ची बाराखडी इथल्या छपाईत वापरात आली. इ, ई, उ, ऊ यांना स्वतंत्र अक्षरं कशाला? ‘अ’लाच वेलांटी-उकार द्या: अि, अी, अु, अू. जुळाऱ्याच्या खणातले खिळे तेवढेच कमी. आमच्या गल्लीतले एक आजोबा शेवटपर्यंत ‘अिमारत’ आणि ‘अुसळ’ लिहायचे. आम्हा पोरांना वाटायचं त्यांना ‘इ’ काढता येत नाही. आणि शाईच्या बचतीत वर्ध्याला कुणी मागे टाकूच शकत नाही याचा पुरावा गोपुरीला उभा आहे. गीताई मंदिरात विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय दगडी शिळांवर कोरलेत. ना छप्पर, ना मूर्ती, ना शाई. डोकं साफ करायची गरज नाही, आणि मे महिन्यात काही सुकत नाही.

एवढ्या परंपरेच्या जोरावर मी एक साहस केलं: पाठकोरे थेट प्रिंटरमध्ये घातले. कल्पना उत्तम होती. घरगुती वाचनासाठी छापायचं ते पाठकोऱ्यावर, नव्या कागदाला हात नाही. पहिल्या दिवशी टाचणी अडकली. दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने आत जायला नकार दिला, मग अर्धा गेला, मग परत यायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी जमलं आणि मी निर्धास्त झालो, तिथेच चुकलं. एका कचेरीत द्यायचा अर्ज घाईत छापला, सही केली आणि नेऊन दिला. बाबूंनी तो वाचला, पलटला आणि मागची बाजू जास्त लक्षपूर्वक वाचायला लागले. मेहुणीच्या लग्नातल्या जेवणाची यादी होती.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘समोरचा अर्ज मंजूर करू, का मागचा?’’

मी ओशाळून कागद मागितला. त्यांनी दिला नाही. बोट खाली खाली सरकत होतं. वांग्याची भाजी, पोळी, वरण, भात, बुंदी...

‘‘मठ्ठा नाई लिहिला तुमी.’’

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘‘असं कसं? वाढला असन. लिवाचा राह्यला असन.’’ कचेरीतल्या चारही जणांचं यावर एकमत झालं आणि त्या खुशीत अर्ज त्याच दिवशी पुढे सरकला. मठ्ठा खरंच राहिला होता, हे मी सांगितलं नाही. सासरचा प्रश्न.

शेवटी बायकोने निर्णय घेतला. जुनं मशीन दुरुस्तीवाल्याला देऊन तिने बाटलीतून शाई भरायच्या टाकीचा प्रिंटर आणला. ही कल्पनाही कंपन्यांना उगाच सुचलेली नाही. इंडोनेशियातले लोक प्रिंटरला भोक पाडून बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून भागवायला लागले. हे थांबत नाही म्हटल्यावर 2010 साली एका मोठ्या जपानी कंपनीने तिथेच स्वतःच्या हाताने टाकी लावलेला प्रिंटर विकायला काढला. जिथे माणसं हट्टी असतात तिथे म्हैसवालाही कधीतरी नमतो. मशीन आधीच्याच्या चौपट महाग, पण शाई बाटलीभर, आणि डबीच्या मानाने कवडीमोल.

बाबा सुरुवातीला बोलले नाहीत. मग त्यांना ती बाटली दिसली. ती हातात धरून, टाकीच्या तोंडाशी नेऊन, थेंब न सांडता शाई ओतायची, आणि बाहेरच्या खिडकीतून पातळी चढताना पाहायची. सत्तर वर्षांनी दौत हाती आली. ओतताना त्यांनी आम्हाला रत्नम पेनाची कथा सांगितली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी पूर्ण स्वदेशी फाउंटन पेन बनवून पाठवलं, तेव्हा गांधीजींनी 16 जुलै 1935 रोजी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं, की बाजारातल्या विदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. कथा संपेपर्यंत काळी टाकी काठोकाठ भरली होती आणि बाबांचा अंगठाही.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात महिन्याला जेमतेम दहा-बारा पानं छापायची असतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ती तीस रुपयांत होतात. हा हिशेब मी एकदा मांडलाही होता. बाबांनी तो वाचला, शांतपणे उलटा केला आणि मागे दुधाचा हिशेब लिहिला.

पण मशीन घरात आहे तर त्याला वरचेवर थोडं छापायला द्यावंच लागतं, नाहीतर घसा सुकतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, आठवड्याला एक तपासणीचं पान काढत जा. त्या पानावर चार रंगांच्या बारीक जाळ्या येतात, बस. कागद एक, शाई चिमूटभर. बाबांनी ते काम स्वतःकडे घेतलं आणि वार ठरवला सोमवार. सकाळी आंघोळ करून, मशीनच्याच बटणाने ते सुरू करायचं, पान काढायचं, जाळ्या उजेडात धरून पाहायच्या आणि मशीनच्याच बटणाने बंद करायचं.

पहिल्याच सोमवारी त्यांच्या लक्षात आलं की जाळ्या पानाच्या फक्त वरच्या कडेला छापल्या जातात. खालचं अख्खं पान कोरं. दुसऱ्या सोमवारी त्यांनी तेच पान उलट्या टोकाने आत घातलं. जाळ्या आता खालच्या कडेला आल्या. तिसऱ्या सोमवारी पाठीवर. चौथ्या सोमवारी पाठीच्या दुसऱ्या टोकाला. चार सोमवार, एक कागद, आणि मधल्या कोऱ्या जागेत महिन्याचं दूध.

या महिन्यात सोमवार पाच आहेत. काल रात्रीपासून बाबांना झोप नाही.